पुन्हा पायऱ्या चढायच्या आहेत? फिजिओथेरपी देईल साथ

सकाळी सहा वाजता म्हैसूरच्या कुक्करहळ्ळी तलावावर गेलात तर वाटतं, अर्धं शहर इथेच आलंय. कॅनव्हासचे बूट घातलेले आजोबा, साडीवर स्वेटर चढवून झपझप चालणाऱ्या काकू, पेलिकन टिपायला आलेले कॅमेरेवाले आणि विद्यापीठाची मुलं. १८६४ साली मुम्मडी कृष्णराज वडियार यांच्या काळात बांधलेल्या या तलावाभोवती झाडांच्या सावलीतून पायवाट जाते. दुसरीकडे चामुंडी डोंगराच्या पायथ्याशी हजारभर पायऱ्या चढणाऱ्यांची रांग लागलेली असते. कुणी व्यायाम म्हणून चढतं, तर कुणी नवस म्हणून प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावत.

या गर्दीत जे दिसत नाहीत, त्यांच्याबद्दल हा लेख आहे. ‘पूर्वी रोज यायचो, आता गुडघ्यांमुळे बंद केलं’ असं म्हणणारे प्रत्येक घरात एक तरी असतात. आमच्या घरात ती माझी आई होती.

खुर्ची आणि खिडकी

बाबा गेल्यावर आई सांगलीहून आमच्याकडे राहायला आली. वय ६६. नवीन शहर, नवीन भाषा. सुरुवातीला ती रोज कोपऱ्यावरच्या बागेत जायची. हळूहळू उजवा गुडघा दुखू लागला आणि बागेऐवजी बाल्कनी, बाल्कनीऐवजी खिडकीजवळची खुर्ची असं तिचं जग आक्रसत गेलं. ‘चामुंडीला एकदा पायऱ्यांनी जायचं होतं गं, राहिलंच’ हे वाक्य ती इतक्या सहज बोलायची की आम्हालाही ते पटायला लागलं होतं.

एका ठिकाणी दहा दिवस शेक घेतला, गुडघ्याला पट्टा आणला. शेक घेतल्यावर दोन तास बरं वाटायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. ‘आता वय झालं, आराम करा’ हा सल्लाही तिथेच मिळाला. आईने तो मनापासून पाळला आणि महिनाभरात तिला कमोडवरून उठतानाही भिंत धरावी लागू लागली.

आराम कधी महागात पडतो?

नुकतीच दुखापत झाली असेल, सूज असेल तर थोडे दिवस विश्रांती हवीच. पण वयाबरोबर होणाऱ्या सांध्यांच्या झिजेत, म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिसमध्ये, महिनोन् महिने बसून राहिल्याने उलटाच परिणाम होतो. गुडघ्यावर येणारा भार पेलायला मांडीचे, नितंबांचे आणि पोटरीचे स्नायू मदत करतात. बसून राहिल्याने हे स्नायू अशक्त होतात. मग थोडं चाललं तरी सगळा ताण सांध्यावर येतो, दुखतं, म्हणून माणूस आणखी कमी चालतो. हे चक्र तोडायचं काम फिजिओथेरपी करते.

पायऱ्यांचंच उदाहरण घ्या. पायरी चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो आणि उतरताना त्याहूनही थोडा जास्त. म्हणूनच अनेकांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. उतरताना मांडीच्या स्नायूला ताणलं जात असतानाच शरीर सावरून धरावं लागतं. त्या कामाची त्याला सवय नसेल तर गुडघा तक्रार करणारच.

पहिल्या भेटीत काय होतं?

फिजिओथेरपी म्हणजे शेक, मशीन आणि मालीश असा आपला समज असतो. शेकाने तात्पुरता आराम मिळतो, पण खरं काम व्यायामाचं. चांगली फिजिओथेरपिस्ट आधी प्रश्न विचारते, तुमची हालचाल बघते आणि मग हात लावते.

पुढे आम्ही ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी आईला आधी विचारलं, ‘तुम्हाला काय करायचंय?’ आईला वाटलं, दुखणं थांबवायचंय असं म्हणावं. पण तोंडातून निघालं, ‘चामुंडीला चढायचंय.’ त्यांनी ते फाइलवर लिहून घेतलं.

मग एक साधी चाचणी झाली. हात छातीशी घडी करून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं? आई सात वेळा उठली. ६५ ते ६९ वयाच्या स्त्रीला ११ वेळा तरी उठता यायला हवं. त्याहून कमी म्हणजे पायांची ताकद घटली आहे आणि पडण्याचा धोका वाढला आहे. त्यानंतर एका पायावर उभं राहणं, चालण्याची पद्धत, घोट्याची लवचीकता, चपला हे सगळं तपासलं गेलं.

घरी करण्यासारखे व्यायाम

आईला सुरुवातीला दिलेले व्यायाम अगदी साधे होते. खाली दिले आहेत, पण तुमच्यासाठी किती आणि कसे हे फिजिओथेरपिस्टकडूनच ठरवून घ्या.

• खुर्चीवरून उठबस : आधी उंच खुर्ची, मग नेहमीची. उठताना हातांचा आधार हळूहळू कमी करा आणि बसताना धपकन न बसता सावकाश बसा.

• टाचा उचलणे : ओट्याला धरून दोन्ही टाचा वर, मग हळू खाली. पोटऱ्या बळकट होतात.

• पायरीचा सराव : घरातल्या सर्वांत खालच्या पायरीवर, कठडा धरून चढ-उतार. खाली उतरताना मनात तीनपर्यंत मोजा.

• तोल सांभाळणे : भिंतीजवळ एका पायावर दहा सेकंद. शेजारी कुणीतरी असू द्या.

‘दुखलं तर थांबायचं का?’ हा सगळ्यांचा प्रश्न. आमच्या फिजिओथेरपिस्टने दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायला सांगितले. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीसारखं झालं, तर चालू ठेवायचं. त्याहून जास्त दुखलं किंवा सूज आली तर संख्या कमी करायची, व्यायाम सोडायचा नाही.

घराबाहेर पाऊल टाकताना

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. शिवाय दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. ६५ च्या पुढे तोल सांभाळण्याचे व्यायामही हवेत. हा आकडा पाहून घाबरू नका. दहा-दहा मिनिटांनी सुरुवात करा.

• आधी सपाट वाट निवडा. आईने आधी कारंजी तलावाच्या बागेत चालायला सुरुवात केली, तिथे बाकांवर थांबत थांबत जाता येतं.

• एकदम अंतर वाढवू नका. आठवड्याला थोडं थोडं वाढवा.

• मागून पट्टा नसलेल्या चपला टाळा. टाच धरून ठेवणारे, तळ न घसरणारे बूट घाला. साडी नेसत असाल तर थोडी वर नेसा.

• काठी वापरायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा.

• पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

• वजन जास्त असेल तर थोडंसं कमी झालं तरी गुडघ्याला प्रत्येक पावलाला त्याच्या कितीतरी पट सुटका मिळते.

आधी डॉक्टरकडे कधी जावं?

गुडघा लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, पडल्यानंतर पायावर भार देता येईना, गुडघा मध्येच अडकू लागला, एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा पायात बधिरपणा आला, तर व्यायाम सुरू करू नका. चढताना छातीत दुखणं, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागत असेल तर ताबडतोब तपासणी करून घ्या. फिजिओथेरपिस्ट निवडताना बीपीटी किंवा एमपीटी ही पदवी आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

आईचा बुधवार

पहिले तीन आठवडे आई रोज कुरकुर करायची. फिजिओथेरपिस्ट घाई दिसली की म्हणायच्या, ‘निधान, अम्मा, निधान.’ म्हणजे सावकाश. आईचा हा पहिला कन्नड शब्द. पुढे बागेतल्या मैत्रिणींमुळे तिच्या शब्दांत बरीच भर पडली. बाराव्या आठवड्यात ती ३० सेकंदांत १२ वेळा उठली.

आषाढातल्या शुक्रवारी चामुंडीला प्रचंड गर्दी असते, म्हणून आम्ही त्याआधीचा एक साधा बुधवार निवडला. पायऱ्या एकट्याने चढून सगळ्या उतरण्याचा हट्ट करायचा नाही, असं आधीच ठरलं होतं. दोन-तृतीयांश वाटेवर जो भव्य दगडी नंदी आहे, तिथपर्यंत गाडीचा रस्ताही येतो. ह्यांनी गाडी घेऊन तिथे थांबायचं होतं.

दर पंचवीस पायऱ्यांना थांबत, पाणी पीत आम्हाला सव्वा तास लागला. माकडांनी आमची केळी पळवली. नंदीपाशी पोहोचल्यावर आई कठड्यावर बसली आणि खाली पसरलेल्या शहरात आपलं घर कुठे असेल ते शोधू लागली. गुडघा किती दुखतोय विचारलं तर म्हणाली, ‘तीन.’

देवीचं दर्शन गाडीने वर जाऊन घेतलं. परतताना आईने ह्यांना विचारलं, ‘उरलेल्या पायऱ्या दसऱ्याच्या आधी जमतील का हो?’ दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ती ओट्याला धरून टाचा उचलत होती.