डाळीतला खडा

वडीगोद्रीत चष्म्याचे नंबर काढणाऱ्या तरुणाच्या टेबलावर अक्षरांच्या तक्त्याशेजारी सुई, काळा दोरा आणि ताटलीत मूठभर तूरडाळ असते. समोर बसणाऱ्या पन्नाशीच्या पुष्कळ बायांना अक्षरओळख नाही. पण डाळीतला खडा नजरेतून सुटायला लागलाय, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. "मावशी, घरी निवडता तशीच धरा," म्हणून तो गप्प बसतो आणि ताटली किती लांब जाते ते बघतो. माझ्या मते खरी तपासणी इथंच होते. बाकी काचा बदलणं हे हिशेबाचं काम.

बाहुलीमागचं भिंग बारीक तंतूंनी एका गोल स्नायूला बांधलेलं असतं. जवळचं बघताना स्नायू आकसतो, तंतू सैल पडतात आणि भिंग आपणहून फुगतं. म्हणजे ताण सुटल्यावर जवळचं दिसतं! हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं हे १८५५ मध्ये मांडलं. पण या भिंगाचे जुने थर कधी झडत नाहीत. कांद्याला बाहेरून नवे पापुद्रे चढत राहावेत तसं ते जन्मभर वाढतं आणि आतला गाभा टणक होत जातो. स्नायू पन्नाशीतही जोर लावतो, भिंग दाद देत नाही. मोबाइलवर फिरणारे डोळ्यांचे व्यायाम म्हणूनच इथं कुचकामी. दहा वर्षांच्या पोराला सात-आठ सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसतं. साठीत तेच अंतर मीटरभरावर जातं.

चाळीस सेंटिमीटरवर डाळ निवडायला अडीच नंबरची ताकद लागते. थोडी भिंगात उरलेली असते, बाकीची काच पुरवते. म्हणून हा तरुण वयावर भागवत नाही, काम विचारतो. शिंप्याचं अंतर वेगळं, मोटार दुरुस्त करणाऱ्याचं वेगळं. कपाशीवर फवारणाऱ्याला तर औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षर वाचायचं असतं. आसामात चहा खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या कामगारांना जवळचा चष्मा दिला, तेव्हा बिनचष्म्याच्या कामगारांच्या तुलनेत त्यांची खुडणी सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

सत्तरीतले एक बाबा मात्र खुशीत आले. "माझा चष्मा सुटला. पेपर उघड्या डोळ्यानं वाचतो."

तरुणानं बॅटरी मारून बाहुली न्याहाळली. "बाबा, हायवेवर एसटीची पाटी वाचता येती का?"

"शहागडची हाय का अंबडची, कंडक्टरला इचारतो."

मोतिबिंदू. गाभा दाट होऊन प्रकाश जास्त वळवतो, त्यामुळे जवळचं सुधारतं आणि लांबचं जातं. चष्मा सुटल्याचा आनंद गावात पेढे वाटून सांगतात, पण त्याचं कारण बहुधा हेच असतं. त्यानं जालन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवायला सांगितलं. ऑपरेशनात बसवतात ते साधं भिंग फुगत नाही, एकाच अंतराला जुळतं. वाचायला पुन्हा काच लागेल, हेही सांगितलं.

"मंग जुना चष्मा ठिवू का?"

"फ्रेम ठेवा. नंबर नवा निघंल."