पॉलिहाऊसचा कागद घेताना नुसते मायक्रॉन बघू नका

मोबाईलला स्क्रीन गार्ड घेताना आपण ग्लॉसी की मॅट, एवढं तरी विचारतो. पॉलिहाऊसचा 'कागद' (बोलण्यात कागदच, असतं ते पॉलिथिलीन) घेताना मात्र प्रश्न एकच: किती मायक्रॉन? 200 मायक्रॉन म्हणजे 0.2 मिलिमीटर जाडी. आतल्या ढोबळी मिरचीचं काय होणार, ते त्यावरून कळत नाही.

झाड साधारण 400 ते 700 नॅनोमीटरचा प्रकाश अन्न बनवायला वापरतं. पारदर्शक कागदातून ऊन सरळ येतं. वरची पानं करपतात, खालची सावलीत राहतात. डिफ्यूज कागद मॅट गार्डसारखा, प्रकाश विखुरतो, त्यामुळे खालच्या पानांपर्यंतही तो पोचतो.

रात्रीची गंमत वेगळी आहे. दिवसा तापलेली माती रात्री इन्फ्रारेड किरणांतून उष्णता सोडते. काच ती अडवते, साधं पॉलिथिलीन बरीचशी जाऊ देतं. म्हणून डिसेंबरातल्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री बंद पॉलिहाऊसमध्ये बाहेरपेक्षाही जास्त गारठा असू शकतो! ही उष्णता अडवणारा 'थर्मिक' कागद वेगळा मिळतो.

नेदरलँड्समध्ये हाच मुद्दा पैशाचा आहे. तिथली काचगृहं मुख्यतः नैसर्गिक वायूवर गरम ठेवतात. दुहेरी आवरण घातलं की गॅस वाचतो, पण प्रकाश घटतो आणि उत्पन्नही. 2022 मध्ये गॅस भडकला तेव्हा काहींनी हिवाळी लागवडच टाळली.

आपल्या पलूसला हीटर कोण लावतो? इथं डोकेदुखी एप्रिल-मेची. पारा 35 च्या पुढं गेला की मिरचीची फुलं गळतात. मग फॉगर, शेडनेट आणि विजेचं बिल. त्यामुळे नुसतं 'थर्मिक' ऐकून भुलू नका. माझ्या मते इथं आधी डिफ्यूज कागद आणि छताला मोठी खिडकी बघावी, बाकीचं नंतर.

आणि एक गोष्ट द्राक्षपट्ट्यातल्या पोरांनी खास ध्यानात ठेवावी. भुरीवर गंधक मारायची आपल्याला सवय. पण गंधकामुळे कागदातलं यूव्ही संरक्षण निकामी होतं आणि तो मुदतीआधीच फाटतो. बऱ्याच कंपन्यांच्या गॅरंटीत गंधकाची मर्यादा लिहिलेली असते. पैसे देण्याआधी त्या पानाचा फोटो काढून घ्या.