फुजी पाहिला, माळा राहिला

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे ऐकत मोठी झालेली आमच्याकडची पिढी आता खरोखरीची जर्मनी पाहून आली आहे. युरोप झाला, दुबई-सिंगापूर झालं, काहींची तर नातवंडांच्या निमित्ताने अमेरिकाही झाली. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर गुलाबी फुलांनी लगडलेलं झाड, त्यामागे पांढरी टोपी घातलेला फुजी आणि कोपऱ्यात ‘मोजक्याच जागा शिल्लक’ असं दिसलं की वसमत रोडवर, नव्या मोंढ्यात चौकशा सुरू होतात. जाणारी मंडळी ठरलेली: निवृत्त शिक्षक दांपत्य, डॉक्टर, कृषी सेवा केंद्राचे मालक, मानवत-सेलूकडचे जिनिंगवाले. माणशी तीन-साडेतीन लाखांचा हिशेब. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे एका माणसाचं जपान साठेक क्विंटलला पडतं, आणि तेही हमीभाव हातात पडला तर.

तरी लोक जातात. २०२४ मध्ये सुमारे २ लाख ३३ हजार भारतीय जपानला गेले. करोनाच्या आधी, २०१९ मध्ये, हा आकडा पावणेदोन लाखांच्या आसपास होता. येन घसरला हे एक कारण. जुलै २०२४ मध्ये एका डॉलरला १६० हून जास्त येन मिळत होते. १९८६ नंतर येनाची इतकी घसरण झाली नव्हती. त्याच वर्षी जगभरातून ३ कोटी ६८ लाख पाहुणे त्या देशात उतरले.

मराठी माणसाला जपानची ओढ मात्र येनाच्या भावाने लागलेली नाही. १९१५ मध्ये धोंडो केशव कर्व्यांच्या हाती टोक्योच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. कर्वे नंतर जगप्रवासात जपानलाही जाऊन आले. पु. लं.च्या ‘पूर्वरंग’ने, १९६३ मध्ये, घरबसल्या जपान दाखवलं. तेव्हा तो देश वाचायचा होता. तो बसमध्ये बसून बघायचा झाला तो सहल कंपन्यांमुळे. केसरी पाटलांनी १९८४ मध्ये सुरू केलेली ‘केसरी’ आणि २०१३ मध्ये वीणा पाटील यांनी उभी केलेली ‘वीणा वर्ल्ड’ यांनी परदेश हा प्रकार मराठी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला. भाषा आपली, जेवण आपलं, टूर मॅनेजर आपला, आणि चुकलं-माकलं तर शोधायला माणूस. गंगाखेडहून पंढरीला निघणाऱ्या दिंडीतही हीच सोय असते. ज्यांना इंग्रजी बोलायचा धीर होत नाही त्यांना या व्यवस्थेने जग दाखवलं, आणि त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी आधी आपल्या आई-वडिलांना एकट्याने ओसाकाच्या स्टेशनात सोडून बघावं.

माझी तक्रार व्यवस्थेबद्दल नाही, वाटेबद्दल आहे. टोक्यो, हाकोने, फुजी, क्योतो, नारा, ओसाका, जमल्यास हिरोशिमा: ही ‘सोनेरी वाट’ सगळ्या कंपन्यांची जवळपास सारखीच. ती वाईट नाही. पण ती कुठल्याही गावच्या माणसासाठी आखलेली आहे. परभणीकराचं ज्याच्याशी जुनं नातं आहे, ते या वाटेच्या दोन पावलं बाजूला राहतं, आणि वाटेवर आलंच तर तिथे तासभर मिळतो.

वेगाचं आधी उरकून टाकू, कारण परत आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा तेच सांगतो. १ ऑक्टोबर १९६४ ला पहिली शिन्कान्सेन धावली. टोक्यो ते शिन-ओसाका हे ५१५ किलोमीटर ‘नोझोमी’ आज अडीच तासांत कापते, आणि इतक्या वर्षांत गाडी घसरून किंवा टक्कर होऊन एकही प्रवासी दगावलेला नाही. २०२५ च्या ऑगस्टपासून परभणीला वंदे भारत थांबते. नांदेड ते मुंबई सुमारे ६१० किलोमीटर, साडेनऊ तास. हिशेब ज्याचा त्याने करावा. परभणीकराला गाडीच्या वेळेवर येण्याचं जे अप्रूप वाटतं ते पुणेकराला वाटणार नाही, एवढं मात्र खरं.

टोक्योत बस असाकुसाला थांबते. सेन्सोजी मंदिर, लाल कंदील, दुकानांची रांग, फोटो. सेन्सोजीची देवी कान्नोन म्हणजे आपल्या वेरूळ-अजिंठ्यातला अवलोकितेश्वर. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, सुमिदा नदीच्या अंगाला, माचुचियामा शोदेन नावाचं मंदिर आहे. तिथला देव कांगितेन, म्हणजे चीनमार्गे जपानला पोचलेला गणपती. मूर्ती दाखवत नाहीत. नैवेद्य कसला? मुळ्याचा. दुर्वा नाहीत. भक्त पांढरे जाडजूड मुळे वाहतात, आणि मंदिराच्या नक्षीतही जोडमुळे कोरलेले आहेत. अंगारकीला रांग लावणाऱ्या चाळीस माणसांची बस इतक्या जवळून निघून जाते, याला काय म्हणावं?

नाराचंही तेच. तोदाइजीचा पंधरा मीटरचा बुद्ध दाखवतात, आणि तो दाखवलाच पाहिजे. ७५२ मध्ये त्याचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला होता. मग हरणांना बिस्किटं खाऊ घालण्यात उरलेला वेळ जातो. होर्युजी तिथून दहा-बारा किलोमीटरवर. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती तिथे उभ्या आहेत, आणि त्यांतल्या मुख्य दालनाच्या भिंतींवर अशी चित्रं होती की ती पाहून अभ्यासकांना अजिंठा आठवायचा. अराई काम्पो हा जपानी चित्रकार १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांच्या कलकत्त्याला आला, तिथून अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला करत राहिला. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे परभणी होती त्याच राज्यात. त्या नकला टोक्योला गेल्या आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. हाच अराई पुढे होर्युजीच्या चित्रांच्या नकला करायला बसला. तो १९४५ मध्ये वारला, आणि २६ जानेवारी १९४९ ला ती मूळ चित्रंही आगीत गेली. जपान ती तारीख वारसावास्तूंच्या अग्निप्रतिबंधाचा दिवस म्हणून पाळतो. पुढे १९९०च्या दशकात अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि रस्त्या-पाण्यासाठी जपानने कर्ज दिलं. मराठवाड्यातल्या बसने हरणांचा अर्धा तास कमी करून होर्युजीला जावं, एवढं मागायला हरकत नसावी.

जेवणाकडे वळू. बॅगेत दशम्या, धपाटे, कारळाची आणि जवसाची चटणी असतेच. रात्री भारतीय हॉटेलात डाळ-भात. शाकाहारी माणसाची खरी अडचण दुपारी होते, कारण साध्या दिसणाऱ्या सूपातही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. पण गंमत अशी, की आमच्या जिल्ह्यात खरिपाला नजर जाईल तिकडे जे पीक दिसतं, तेच तिथे ताटात पाच रूपांनी येतं. तोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट गोळा. शोयू हा त्याचाच पातळ भाऊ. नात्तो तारा सुटणारा, वासाला उग्र. टूर मॅनेजर तो लांबूनच दाखवतो. आणि एदामामे म्हणजे हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून दाणे काढून खायच्या, आपण टहाळ खातो तसं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने एमएयूएस ७१ सारखे वाण दिले, शेतकऱ्याने ते मनापासून पेरले, पण आपल्या चुलीवर सोयाबीन चढलं नाही. ते मोंढ्यावर जातं, तेल निघतं, पेंड कोंबड्यांना. जपानला लागणाऱ्या सोयाबीनपैकी जेमतेम सात टक्के तिथे पिकतं, बाकी बाहेरून. पिकवणारे खात नाहीत आणि खाणारे पिकवत नाहीत. साठ क्विंटल सोयाबीन विकून आलेल्या माणसाला तोफूचा एखादा छोटा कारखाना दाखवायला कंपनीचं काय जातं? क्योतोत गल्लोगल्ली आहेत.

आता माळा. शिराकावा-गो हे गिफूच्या डोंगरातलं खेडं १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. साठ अंशांच्या उताराची गवती छपरं, नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी. हिवाळ्यात पुरुषभर बर्फ पडतो, तो घसरून जावा म्हणून हा उतार. आमच्याकडे माळवदावर माती टाकून सपाट छत करतात, तिथे छताला सपाट जागाच नको. तीस-चाळीस वर्षांनी गवत बदलायचं तर सगळं गाव एका घरावर चढतं, शे-दोनशे माणसं, एका दिवसात एक बाजू. आमच्याकडे याला इर्जिक म्हणायचे. बस इथे थांबते, सगळे टेकडीवरून फोटो काढतात, आइस्क्रीम खातात, परत बसमध्ये.

वादा किंवा कांदा या घराण्यांच्या जुन्या घरात तिकीट काढून माळ्यावर जाता येतं. जिना चढताना डोकं सांभाळावं लागतं. वर गेल्यावर रेशीमवाल्या शेतकऱ्याला ओळख पटायला वेळ लागणार नाही: एकावर एक ट्रे, पाला टाकायच्या टोपल्या, कोष बांधायला लावायच्या पेंढ्याच्या चंद्रिका. माळे तीन-चार मजली आहेत ते माणसांसाठी नाहीत, किड्यांसाठी. खाली शेगडी पेटलेली असायची, जमिनीच्या फळ्यांमध्ये फटी ठेवलेल्या. ऊब वर जायची, धुराने गवत टिकायचं. किड्यांची विष्ठाही वाया जात नसे. ती, माती आणि रानगवत जमिनीखालच्या खड्ड्यात वर्षानुवर्षं कुजवून त्यातून बंदुकीच्या दारूचा सोरा काढायचे. आमच्याकडे तीच विष्ठा शेणखतात जाते.

परभणी जिल्ह्यात तुतीच्या बागा आणि लोखंडी पत्र्यांच्या शेड आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. विद्यापीठात रेशीम संशोधन योजना आहे, जालन्याला २०१८ मध्ये कोषांचा बाजार सुरू झाल्यापासून कर्नाटकातल्या रामनगरम्‌ची फेरी बऱ्याच जणांची वाचली आहे. चॉकी, म्हणजे लहान अळ्या, आणायची, फांदीसकट पाला टाकायचा, कात टाकताना पाला बंद, मग चुना, मग पुन्हा पाला. वीस-बावीस दिवसांत कोष. चुन्याच्या वासाने आणि ओल्या पाल्याच्या दर्पाने भरलेल्या त्या शेडमध्ये जे पांढरे कोष होतात, त्या किड्याच्या वंशावळीत जपान आहे. आपल्या उष्ण हवेत पांढऱ्या दुबार कोषांचा किडा टिकत नसे. १९९१ पासून म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेत जपानच्या जायका संस्थेच्या मदतीने जो प्रकल्प चालला, त्यातून सीएसआर मालिकेतले संकर निघाले. आज मराठवाड्यातला शेतकरी ‘डबल हायब्रीड’ म्हणून अंडीपुंज आणतो, ती त्यांचीच पुढची पिढी.

आणि ज्यांनी हे दिलं त्यांच्याकडे काय उरलं? १९२९ मध्ये जपानातली २२ लाख शेतकरी घरं, म्हणजे दर पाचांतली दोन, रेशीम किडे पाळत होती. १८७२ चा तोमिओकाचा सरकारी सूत कारखाना, योकोहामाचं बंदर, अमेरिकेतल्या बायकांचे रेशमी मोजे: सगळा पैसा त्या माळ्यावरून उतरत होता. मग नायलॉन आलं, युद्ध झालं, किमोनो सणावारापुरता उरला, चीनने भाव पाडले. तोमिओका १९८७ मध्ये बंद पडला आणि २०१४ मध्ये जागतिक वारसा झाला. आज साऱ्या देशात किडे पाळणारी घरं दोनशेच्या आत आहेत, आणि पाळणारे बहुतेक सत्तरीपलीकडचे.

हे रेशमापुरतं नाही. जपानी शेतकऱ्याचं सरासरी वय ६८-६९ आहे. २०२३ च्या गणतीत देशभर ९० लाख घरं रिकामी निघाली, शंभरातली जवळपास चौदा. शिकोकू बेटावरच्या नागोरो गावात माणसं कमी आणि त्यांच्या जागी बसवलेल्या बाहुल्या जास्त. शाळा २०१२ मध्ये बंद झाली, वर्गात बाहुल्याच बसल्या आहेत. पालम-सोनपेठकडच्या गावांतून वाघोली-हडपसरला गेलेल्या पोरांचे बाप जेव्हा टोक्योच्या चौकातली गर्दी पाहून थक्क होतात, तेव्हा त्यांना हीही बाजू कुणीतरी सांगायला हवी. जपानचं कौतुक करताना आपण नेहमी शहराचं करतो. खेडं तिथलंही रिकामं झालंय, फक्त स्वच्छ आहे.

एक ठिकाण मात्र लोक आपणहून मागू लागले आहेत. वाकायामातला कोयासान हा नवव्या शतकात कुकाई या बौद्ध भिक्षूने वसवलेला मठांचा डोंगर. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात १० सप्टेंबर २०१५ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात त्याआधी दोन वर्षं सहकार्याचा करार झालेला होता. नागपूरची दीक्षाभूमी आणि मुंबईची चैत्यभूमी न चुकवणाऱ्या माणसाला ओसाकापर्यंत येऊन कोयासान चुकवणं पटत नाही. मठात मुक्काम करता येतो, जेवण पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. आणि स्मशानातल्या शिळांवर सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं अजून कोरलेली दिसतात.

तेव्हा मागणी केली तर वाट बदलते. पंचवीस-तीस जणांचा आपलाच गट असेल तर कुठलीही कंपनी आखणी बदलून देते. राज्याच्या कृषी विभागाची शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यास दौऱ्याची योजनाही आहे, खर्चाच्या निम्म्यापर्यंत, ठरावीक मर्यादेत अनुदान मिळतं, आणि देशांच्या यादीत जपान आहे. रेशीमवाल्यांनी तोमिओका मागून घ्यावं. टोक्योहून ताकासाकीपर्यंत शिन्कान्सेनने तासाभराच्या आत, पुढे जोशिन कंपनीच्या दोन डब्यांच्या गाडीने चाळीसेक मिनिटं. उरलेसुरले किडे पाळणारे शेतकरी सर्वाधिक त्याच गुन्मा प्रांतात आहेत. फक्त फुलांच्या दिवसांत जाऊ नये. मार्चअखेर तिथे तुतीला पालाच नसतो. त्यांची पहिली बॅच मे महिन्यात बसते, आणि मेमध्ये आमच्या शेडमध्ये उन्हाने किडा टिकत नाही म्हणून बहुतेकांची बॅच बंदच असते. जपान्यांची सुट्टीची गर्दी मेच्या पहिल्या आठवड्यात ओसरते. तिथून मृगापर्यंत महिनाभर हातात आहे, आणि फुलं संपलेली असल्याने तिकीटही स्वस्त पडावं.