निखळलेला दात आणि पहिला अर्धा तास

मधल्या सुट्टीत पळापळ करताना एखादा मुलगा ओट्याच्या पायरीवर तोंडघशी पडतो, किंवा हातपंपाचा दांडा एखाद्या मुलीच्या तोंडावर बसतो, आणि पुढचा दात मुळासकट बाहेर येतो. रक्त धुऊन मुलाला घरी पोचविले की शाळेचे काम संपले, अशी समजूत अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते. दात मातीतच राहतो. नाहीतर दुधाचा दात छपरावर टाकण्याच्या जुन्या रीतीप्रमाणे तोही छपरावर जातो. वस्तुतः तो कायमचा दात असेल, तर पुन्हा जागी बसून पुढे अनेक वर्षे टिकू शकतो.

दाताच्या मुळावर सूक्ष्म तंतूंचे जिवंत आवरण असते. त्याच्याच योगे दात हाडाला धरून राहतो. उघड्या हवेत हे आवरण वाळू लागते, व सुमारे तासाभरात त्यातील बहुतेक पेशी मरतात. गारगोटीहून कोल्हापूर सुमारे ५० किलोमीटर. मुदाळ तिट्टा, बिद्री करीत तेथे पोचेपर्यंतच तास उलटतो. पाटगाव-कडगावकडील शाळांना तर आधी गारगोटीच गाठावी लागते. म्हणून या दाताचे भवितव्य बहुधा शाळेच्या अंगणातच ठरते.

मूल बेशुद्ध पडले असेल, त्याला वांती होत असेल, जबडा वाकडा दिसत असेल किंवा श्वासाला अडथळा असेल, तर दाताचा विचार बाजूस ठेवून प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तसे नसेल तर दात शोधावा. तो सापडलाच नाही, तर तो श्वासनलिकेत गेला नसल्याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी.

दात पांढऱ्या, चावण्याच्या बाजूनेच धरावा. मुळाला बोट लावू नये. माती लागली असल्यास दूध किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर खळबळावा. घासणे, साबण लावणे किंवा फडक्याने पुसणे हे सर्वथा वर्ज्य. मूल शांत असेल तर दात त्याच्या खोबणीत, पुढची बाजू पुढे ठेवून, हलक्या हाताने बसवावा व स्वच्छ रुमालाची घडी दातांत धरावयास सांगावी. शिक्षकाला हे धाडस वाटते, परंतु याहून चांगला उपाय नाही. ते न साधल्यास दात थंड दुधात बुडवून न्यावा. तापवून निवविलेले दूधही चालते. शाळेच्या चहासाठी आणलेले पेलाभर दूध असे उपयोगी पडते. दूध न मिळाल्यास मुलाची लाळ पेल्यात घेऊन तीत दात ठेवावा; तो कोरड्या कागदात गुंडाळू नये.

दुधाचा दात मात्र कधीही परत बसवू नये. खालून येणाऱ्या कायमच्या दाताला त्याने इजा होते. पुढचे कायमचे दात साधारण सहाव्या ते नवव्या वर्षांत येतात. म्हणजे पहिली-दुसरीच्या वर्गात संशयाला जागा राहते. संशय असेल तर दात न बसविता दुधात ठेवून दंतवैद्याकडे न्यावा. तुटलेला तुकडाही असाच न्यावा. तो पुष्कळदा चिकटविता येतो.

गारगोटीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा गावातील दंतवैद्याकडे निघण्यापूर्वी दूरध्वनी करावा, म्हणजे दंतवैद्य नसताना फेरा पडत नाही. तशी सोय नसेल तर कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय गाठावे. धनुर्वाताच्या लसीबद्दलही विचारावे.

साधी दाढदुखी एखाद दिवस थांबू शकते. परंतु गाल सुजून ताप आला, तोंड उघडेनासे झाले किंवा घोट गिळवेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठणे अवश्य आहे. ही सूज मानेत उतरली तर जिवावर बेतते. बाहेरून शेकू नये, दुखऱ्या दाढेत तंबाखू वा मिश्री भरू नये, हिरडीवर वेदनाशामक गोळी ठेवू नये. गोळीने हिरडी भाजते. दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर स्वच्छ कापडाची घडी पंधरा-वीस मिनिटे घट्ट चावून धरावयास लावावी, आणि मधूनमधून उचलून पाहण्याचा मोह टाळावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस शाळेत येते, तेव्हा तालुक्यातील दंतवैद्य कोणत्या वारी कोठे भेटतात हे त्यांच्याकडून विचारून घ्यावे, व ते प्रथमोपचाराच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवावे.