मागून भरायची तोफ

देवळालीत सरावाच्या मैदानावर तोफची मागचं दार उघडतो, गोळा सरकवतो, दार बंद करतो. फाळणीच्या वेळी काकूलहून तोफखान्याचं स्कूल इथं आलं, तेव्हापासून हे चालूच आहे. एवढी साधी गोष्ट जमायला मात्र इंग्रजांना दोन प्रयत्न लागले.

1818 मध्ये इंग्रजांनी मालेगावच्या भुईकोटाला वेढा घातला, तेव्हाच्या तोफा आतून गुळगुळीत आणि तोंडातून भरायच्या. गोळा तोंडातून आत जावा म्हणून तो नळीपेक्षा किंचित लहान असे. साहजिकच दारूचा जोर फटीतून निसटे आणि गोळा भरकटे.

न्यूकॅसलच्या विल्यम आर्मस्ट्राँगनं यावर उपाय काढला. घडीव लोखंडाची वेटोळी एकजीव करून त्यानं नळी केली, आत पिळाच्या खाचा पाडल्या. गोळ्यावर शिशाचं आवरण दिलं. ते खाचांत घट्ट रुतलं की फट उरत नाही आणि गोळा गिरकी घेत सरळ जातो. पण इतका घट्ट गोळा तोंडातून ठोसणार कसा? म्हणून भरणं मागून. मागे पोकळ स्क्रू. त्यातून गोळा आणि दारू आत सारायची, वरच्या खाचेतून लोखंडी बूच सोडायचं, स्क्रू आवळायचा. बत्तीचं छिद्रही त्या बुचातच. 1859 मध्ये तीन इंची नळीची ही बारा पौंडी तोफ लष्करात आली आणि पुढच्याच वर्षी चीनच्या मोहिमेवर गेली.

दुखणं होतं बुचात. स्क्रू जरा सैल राहिला, की ते उडायचं. आरमारानं हीच रचना मोठ्या तोफांना लावली. 1863 मध्ये जपानातल्या कागोशिमापुढे 365 बारांत 28 अपघात झाले. मग इंग्रज चक्क मागे फिरले. खाचा ठेवल्या, मागचं दार बुजवलं. 1870 च्या सुमारास खास हिंदुस्थानसाठी ओतलेली नऊ पौंडी ब्राँझची तोफही तोंडातूनच भरायची. मला यात भित्रेपणा दिसत नाही. कारखान्यापासून हजारो मैलांवर बूच फुटलं तर तोफ गेलीच.

1857 नंतर हिंदी गोलंदाजांच्या हातून तोफा काढल्या गेल्या. वाचल्या त्या मुख्यतः डोंगरी बॅटऱ्या. 28 सप्टेंबर 1827 रोजी गोलंदाज पलटणीची कंपनी म्हणून उभी राहिलेली पाचवी बॉम्बे माउंटन बॅटरी त्यांतलीच. आजही तोफखाना आपला दिवस त्याच तारखेला पाळतो. 1879 पासून अशा बॅटऱ्यांकडे अडीच इंची ‘स्क्रू गन’ येऊ लागली. नळीचे दोन तुकडे, प्रत्येकी सुमारे 90 किलो, एकेका खेचरावर एकेक. चढण संपली की तुकडे जोडून आट्यांवर आवळायचे. आर्मस्ट्राँगचा मागचा स्क्रू असा मधोमध आला. गोळा मात्र तोंडातूनच जाई.

मैदानी तोफांचं मागचं दार 1885 च्या नव्या बारा पौंडीनं पुन्हा उघडलं. डोंगरातल्या गोलंदाजाला त्यासाठी 1901 च्या दहा पौंडी तोफेपर्यंत थांबावं लागलं. तिचीही नळी दोन तुकड्यांचीच होती, आणि खेचरं तीच.