ऑटो फ्लॅश आणि अंतरपाट

आमच्या ताईच्या लग्नाचा अल्बम उघडला, की एका पानापाशी सगळे जरा गप्प होतात. 2001 सालचं लग्न, बेळगावात शहापूरचं कार्यालय. अंतरपाट धरलेला, ताईच्या केसांत अक्षता अडकलेल्या आणि तिच्यापलीकडे निम्मा फोटो काळा. त्या काळ्या भागात भावोजी आहेत आणि त्यांच्या मागे खुर्चीवर आमची आजी. भावोजींचे फोटो स्टुडिओवाल्याने ढीगभर काढले होते. आजीचा त्या दिवसाचा दुसरा एकही नाही. दिवाळीच्या आधी ती गेली.

फोटो मी काढला होता. तेव्हा बी.ए.ला होतो. हातात बाबांचा पेंटॅक्स के 1000 आणि मित्राकडून आणलेला ऑटो फ्लॅश (पुढे तो मी विकतच घेतला). ऑटो म्हणजे सगळं आपोआप, अशी माझी भाबडी समजूत!

वाचकहो, या फ्लॅशमध्ये आपोआप होणारी गोष्ट एकच. त्याच्या पुढच्या बाजूला एक बारीक डोळा असतो. उजेड नवरानवरीवर पडून परत येतो, डोळा तो मोजतो आणि पुरेसा झाला की फ्लॅश तिथल्या तिथे तोडतो. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात. पण जुन्या कॅमेऱ्याशी तो काही बोलत नाही. ‘आता उडव’ एवढाच निरोप कॅमेऱ्याकडून त्याला येतो. छिद्र किती उघडायचं आणि शटर किती वेगाचं, हे आपणच ठरवायचं.

माझं चुकलं ते शटरपाशी. के 1000 चा पडदा कापडी, आडवा सरकणारा. 60 च्या आकड्यापर्यंत संपूर्ण फ्रेम एका क्षणी उघडी असते. त्याहून वेग वाढवला, की दुसरा पडदा आधीच निघालेला असतो आणि फ्लॅश पडतो तेव्हा फ्रेमचा एक भाग झाकलेला राहतो. सकाळी आवारात उन्हात फोटो काढताना मी 125 ठेवलं होतं. आत आल्यावर चाक मागे फिरवायचं विसरलो. पडदा आडवा, म्हणून एक बाजू गेली. माणसंही अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी. आजी नेमकी झाकल्या बाजूला!

गेल्या वर्षी ताईच्या मुलीचं लग्न धारवाडच्या घरात ठरलं. कॅमेरेवाले होते, ड्रोनही होता. तरी भाची म्हणाली, “मामा, एक रोल तुझ्या कॅमेऱ्यावर पाहिजे हं.”

फ्लॅश कपाटातून काढला तर सेलच्या घरात हिरवा गंज. लिंबाच्या रसात बुडवलेल्या बोळ्याने पुसून, कोरडं करून चार नवे सेल घातले. जुना फ्लॅश एकदम कामाला लावू नये. थोडा वेळ चालू ठेवावा, चारपाचदा नुसता उडवावा. आणि तो डिजिटल कॅमेऱ्यावर तर मुळीच चढवू नये. व्हिव्हिटार 283 सारख्या जुन्या फ्लॅशमधले काही कॅमेऱ्याच्या तोंडाशी 200 व्होल्टच्या वर देतात. के 1000 ला ते चालतं, नव्या कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं.

खरी अडचण वेगळीच होती. अंतरपाटाच्या वेळी मामाने नवरीच्या पाठीशी उभं राहायचं. मग फोटो कोण काढणार? नवरदेवाचा धाकटा भाऊ पुढे आला. इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, रोलचा कॅमेरा हातात घेतलेला नव्हता. “मामा, नानु तेगीतेनी,” म्हणाला.

रोल 200 चा. फ्लॅशला मात्र मी 100 सांगितलं, म्हणजे उजेड दुप्पट. निगेटिव्हला उजेड थोडा जास्त झाला तर चालतो, कमी पडला तर धुतल्यावर काही करता येत नाही. छिद्र 5.6. माझ्या फ्लॅशचा गाइड नंबर 100 ला 28 मीटर, त्याला 5.6 ने भागलं की 5 मीटर. तेवढ्या अंतरात सगळी माणसं यायला हवीत. शटर 60, वर चिकटपट्टी! उगाच हलायला नको. फोकस तीन मीटरवर बांधून दिला.

त्याला तीनच गोष्टी सांगितल्या. मागचा दिवा लागल्याशिवाय बटण दाबू नकोस. डोळ्यावर बोट येऊ देऊ नकोस, नाहीतर फ्लॅश पूर्ण ताकदीने पडून चेहरे पांढरे होतील. आणि अंतरपाट समोरून घेऊ नकोस, कडेने घे. समोर पांढरं कापड आलं, की डोळ्याला वाटतं भरपूर उजेड झाला, तो लवकर मिटतो आणि माणसं काळवंडतात. बाशिंगाचा चकचकाटही त्याला फसवतो, पण त्यावर आमच्याकडे इलाज नव्हता.

‘सावधान’ झालं, अक्षता उडाल्या. आमच्याकडच्या अक्षता, त्यांच्याकडचे अक्कीकाळु. सगळे तांदूळ एकाच जागी. मी भाचीच्या मागे उभा राहून फ्लॅशची शिट्टी ऐकत होतो. दिवा लागायच्या आत त्याने दाबलं तर? पण पोरगं थांबलं.

रोल पुण्याहून धुऊन यायला तीन आठवडे लागले. 36 पैकी 31 आले. अंतरपाटाचा फोटो या कडेपासून त्या कडेपर्यंत स्वच्छ. भाची, जावई, बाशिंगं, मागे खुर्चीत ताईच्या सासूबाई, हवेत थांबलेले चार तांदूळ. माझे डोळे मात्र मिटलेले. “एवढा शिकवलास त्याला आणि स्वतः झोपलास,” ताई म्हणाली, आणि तोच फोटो मोठा करून घेतला.

धारवाडचा पाहुणा आता मित्राच्या लग्नासाठी कॅमेरा मागतो आहे. अजून दिलेला नाही.