फ्लाखाऊचा गवंडी

6 जानेवारी 1996 रोजी ऑस्ट्रियातल्या फ्लाखाऊ गावी विश्वचषक मालिकेतली जायंट स्लालम शर्यत होती. अशा शर्यतीआधी काही स्कीपटूंना उतारावरून नुसतेच सोडतात. गेट नीट रोवली आहेत का, घड्याळे चालतात का, वाटेवरचा भुसभुशीत बर्फ निघून खालचा टणक थर उघडा पडला का, ते त्यांच्या जाण्याने कळते. निकालात त्यांचा क्रमांक धरत नाहीत. लग्नात करवलीला असतो तेवढाही मान त्यांना नसतो.

त्या दिवशी सोडलेल्यांत गावातलाच 23 वर्षांचा एक गवंडी होता. शर्यत संपल्यावर कुणीतरी त्याची वेळ इतरांच्या वेळांशी ताडून पाहिली. तो स्पर्धेत असता तर बारावा आला असता.

हेर्मान मायर हे नाव निघाले की जाणकारही आधी त्याच्या पडण्याविषयी बोलतात. मला मात्र ही बारावी, कुठेच न नोंदलेली वेळ जास्त मोलाची वाटते, कारण तिच्यामागे आठ वर्षांचा नकार आहे. मायरचा जन्म 7 डिसेंबर 1972 चा. वडील गावात स्की शाळा चालवत. ऑस्ट्रियातली गुणी मुले जिथे घडवली जातात त्या श्लाडमिंगच्या स्की विद्यालयात तोही गेला, पण पंधराव्या वर्षी परत आला. अंगाने किरकोळ, वजन जेमतेम पन्नास किलो, त्यात वाढीच्या वयातली गुडघेदुखी. निवड करणाऱ्यांचे तरी काय चुकले? देशात पोरांची वाण नव्हती. मायर गवंडीकाम शिकला. उन्हाळ्यात विटा आणि थापी, हिवाळ्यात वडिलांच्या शाळेत पर्यटकांना स्की शिकवणे, असा त्याचा क्रम लागला. जे शरीर श्लाडमिंगला अपुरे वाटले होते, ते या वर्षांत भरत गेले.

फ्लाखाऊनंतर मात्र चक्रे भराभर फिरली. त्याच हिवाळ्यात तो विश्वचषकात उतरला. फेब्रुवारी 1997 मध्ये जर्मनीत गार्मिश येथे सुपर-जी शर्यतीत पहिला विजय मिळाला आणि 1998 चे एकूण विजेतेपदही त्याचेच. हे सारे किती दाटीत घडले, हे कळायला एकच दाखला पुरे. 21 डिसेंबर 1998 रोजी इन्सब्रुकजवळच्या सुपर-जी शर्यतीत पहिले नऊच्या नऊ जण ऑस्ट्रियन होते आणि त्यांच्यात मायर पहिला होता. जगाशी लढण्याआधी त्याला स्वतःच्या संघातून वाट काढावी लागे.

आता ते पडणे.

13 फेब्रुवारी 1998, शुक्रवार. नागानो ऑलिंपिकची डाउनहिल शर्यत हाकुबाच्या डोंगरावर होती. बर्फ आणि धुक्याने ती आधीच रखडवली होती. डाउनहिल म्हणजे एकच उतरण, दुसरी संधी नाही. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. मायर सुटला आणि सुरुवातीच्याच एका वळणावर फार सरळ रेषेने शिरला. ती चित्रफीत मी थांबवून थांबवून पाहिली आहे. चालत्या गाडीच्या खिडकीबाहेर हात काढून तळवा जरा वर केला की वारा हात उचलून मागे फेकतो. तेच इथे स्कीच्या टोकांखाली घडते. एका क्षणी तो हवेत चक्क आडवा आहे, पाय डोक्याच्या पातळीत, खाली काही नाही. छायाचित्रकार कार्ल यारब्रोने टिपलेली चौकट हीच. मग खांद्या-डोक्यावर आदळणे, कोलांट्या, संरक्षक जाळ्यांच्या दोन रांगा फोडून पलीकडच्या मऊ बर्फात रुतणे. आणि तो उठतो. हात हलवतो. त्या हात हलवण्यात शौर्यापेक्षा मला घरच्यांची काळजी दिसते; टीव्हीसमोर कोण कोण बसले असेल, ते त्याला ठाऊक होते.

पुढची शर्यतही हवामानाने लांबवली. ज्या हवेने उचलून फेकले तिनेच दुखरा गुडघा आणि खांदा सावरायला दिवस दिले. 16 फेब्रुवारीला सुपर-जी झाली. या प्रकारात सरावाची उतरण नसते. सकाळी वाट पाहून घ्यायची आणि ती डोक्यात ठेवूनच सुटायचे. मायरने 1 मिनिट 34.82 सेकंदांत सुवर्ण घेतले. दुसऱ्या क्रमांकावरचे दिदिए क्युश आणि हान्स क्नाउस सहा दशांशांहून थोडे अधिक मागे होते. शतांशांवर निकाल लागणाऱ्या खेळात हे अंतर म्हणजे मैदानच. 19 तारखेला शिगा कोगेनला जायंट स्लालमचे सुवर्णही त्याचेच. तोवर वर्तमानपत्रांना सिनेमातल्या यंत्रमानवावरून ‘हर्मिनेटर’ हे नाव सापडले होते. मला ते कधी पटले नाही. यंत्राला कुणी पंधराव्या वर्षी घरी पाठवत नाही.

पुढची तीन वर्षे आकड्यांतच सांगता येतील. 1999 मध्ये व्हेलच्या जागतिक स्पर्धेत दोन सुवर्णे, 1999-2000 च्या हंगामात नेमके 2000 गुण, त्यानंतरच्या हंगामात 13 विजय. पुरुषांत एका हंगामात इतके विजय त्याआधी स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कनेच मिळवले होते.

24 ऑगस्ट 2001. राडश्टाटजवळ मोटरसायकलवरून जाताना एका मोटारीशी धडक झाली. उजव्या पायाची नडगी फुटून हाड बाहेर आले. पाय ठेवायचा की काढायचा, इथवर गोष्ट आली होती. शस्त्रक्रिया सात तास चालली, हाडात टायटॅनियमची सळई बसवली. 2002 चे सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिक त्याच्याविना झाले.

स्कीपटूचा बूट कसा असतो हे पाहिले की या दुखापतीचा अर्थ कळतो. बूट घोट्याला जखडतो आणि वळणाचा सारा दाब नडगीवर येतो. रोज दुखऱ्या जागेवरच टेकून उभे राहायचे, असा हा धंदा. जानेवारी 2003 मध्ये आडेलबोडनला तो परतला, तर दुसऱ्या फेरीसाठी पहिल्या तिसांतही बसला नाही. दोनच आठवड्यांनी, 27 जानेवारीला, किट्सब्युलची सुपर-जी त्याने जिंकली. पुढच्या हंगामात एकूण विजेतेपद चौथ्यांदा मिळवले. 2006 मध्ये तुरीनला ऑलिंपिकची आणखी दोन पदके, एक रुपेरी, एक कांस्य. नोव्हेंबर 2008 मध्ये कॅनडातल्या लेक लुईसला विश्वचषकातला चोपन्नावा आणि शेवटचा विजय. ऑक्टोबर 2009 मध्ये तो थांबला.

फ्लाखाऊत एका उताराला आता त्याचे नाव आहे. जानेवारीत तिथे दिव्यांच्या उजेडात महिलांची विश्वचषक स्लालम होते. पहिली क्रमांकधारी स्पर्धक सुटण्याआधी काही जणी खाली उतरून जातात. घड्याळ त्यांच्यासाठीही चालू असते.